चिखलातली पृथ्वी: बालवाडीच्या लेकरांसोबत पहिल्यांदाच पसारा घालणाऱ्यांसाठी

चार वर्षांच्या लेकराला "पृथ्वी" म्हटलं की काय कळतं? आमच्या वर्गात एका साली पृथ्वी नावाची एक मुलगी होती, त्यामुळं मी प्लास्टिकचा ग्लोब हातात धरून "ही आपली पृथ्वी" म्हटलं की सगळी लेकरं मागं वळून तिच्याकडंच बघायची. एकजण तर म्हणला, "मॅडम, तिनं आज डबाच नाही आणला." मी तो ग्लोब कपाटावर ठेवला तो अजून तिथंच आहे, त्याच्यावर धूळ बसलीय, म्हणजे थोडी पृथ्वी पृथ्वीवर बसलीय असं म्हणा.

परभणीत आमच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत मी प्लेग्रुप चालवते, तीन ते सहा वयाची लेकरं. गेली काही वर्षं हा चिखलाचा प्रोजेक्ट करते आणि दरवर्षी कुणी ना कुणी नवीन ताई विचारतात की कसं करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. माझं म्हणणं एवढंच की आधी हाताला लागू द्या, नाव नंतर सांगा. ज्या लेकराच्या बोटांत काळी माती गेली, त्याला "ही पृथ्वी" म्हटलेलं कळतं, ग्लोब दाखवून नाही कळत.

कधी करायचं

सगळीकडं हे २२ एप्रिलला, वसुंधरा दिनाला करतात. आपल्याकडं २२ एप्रिलला सकाळी दहालाच अंगणात पाय ठेववत नाही, निम्मी लेकरं मामाच्या गावाला गेलेली असतात, आणि माती भिजवली की अर्ध्या तासात ढेकूळ होते. मी पहिला पाऊस झाल्यापासून पोळ्यापर्यंत कधीतरी करते. तेव्हा ओली माती फुकट असते आणि बाजारात मातीचे बैल आलेले असतात, लेकरांना मातीचं काहीतरी बनतं हे आधीच माहीत असतं. नाहीच जमलं तर दसरा ते संक्रांत. एप्रिलमध्येच करायचं असेल तर सकाळी आठला, सावलीत, आणि साडेनऊला आवरलेलं पाहिजे.

तीन दिवस धरा, रोज पाऊण तास. एकाच दिवशी सगळं उरकायला गेलात तर काय होतं ते मी पहिल्या वर्षी बघितलंय: एकच मोठा ट्रे, त्यात माती, पाणी, रंग, पानं सगळं एकदम, आणि चार मिनिटांत सगळ्याचा एकच तपकिरी काला. वर मी रंगपंचमीचा उरलेला निळा रंग वापरला होता, समुद्र म्हणून. लेकरांचे हात चार दिवस निळे. त्यातल्या दोघींच्या घरी लग्न होतं, आयांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

माती कुठनं आणायची

रस्त्याच्या कडेची नको, कुंपणाजवळची नको (मांजरं घाण करतात), आणि नुकती फवारणी झालेल्या कापसाच्या नाहीतर सोयाबीनच्या रानातली तर अजिबातच नको. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून बांधाकडची घ्या, फवारणी नसलेली. तीन प्रकारची पाहिजे: काळी माती एक घमेलं, मुरूम अर्धं घमेलं, आणि बांधकामाची वाळू अर्धं. शिवाय ओंजळभर खडी.

माती चाळणीनं चाळून घ्या, काच, तार, सराटे निघतात, गोम पण निघते कधी कधी. मग पत्र्यावर पसरून दोन दिवस कडक उन्हात ठेवा. हे काम वर्गातल्या मावशींवर टाकू नका, स्वतः करा, कारण सराटा राहिला तर रडणारं लेकरू तुमच्याकडंच येणार असतं.

बियांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शेतकऱ्याच्या घरचं लेकरू पेरणीतनं उरलेलं बी मोठ्या हौसेनं घेऊन येतं, गुलाबी नाहीतर निळा रंग लावलेलं. तो रंग म्हणजे औषध लावलेलं असतं, ते हातात पण द्यायचं नाही. बी वापरायचं ते स्वयंपाकघरातलं, गहू किंवा ज्वारी. आणि डेकोरेशनला छान दिसतात म्हणून गुंजा, एरंडीच्या बिया आणूच नका, विषारी असतात. लहान लेकराच्या पुढ्यात हरभरा, शेंगदाणे, चिंचोके असलं काहीच ठेवू नका, नाकात जातं. पाण्यात टाकले की फुगतात ते जेलीचे रंगीत मणी तर कुठल्याच वयाला नको, गिळले तर पोटात जाऊन फुगतात. त्याच्याऐवजी भिजवलेला साबुदाणा घ्या, हाताला तसाच गुळगुळीत लागतो.

घरी काय सांगायचं

आदल्या दिवशी ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाका, लांबलचक लिहिलेलं कुणी वाचत नाही. जुने कपडे घाला, नखं कापा, हाताला जखम किंवा खरूज असेल तर कळवा, बस. मी एकदा "सेन्सरी अ‍ॅक्टिव्हिटी" (म्हणजे हाताला लावून, अनुभवून शिकायचा खेळ) असं लिहिलं होतं तर तीन घरनं फोन आले की त्याची फी किती.

एका लेकराच्या आजी दारात येऊन म्हणल्या, "बाई, मातीत खेळवायला पैशे भरून शाळेत घालायलेत व्हय? आमच्या दारात ढीग पडलाय की मातीचा." मला काही उत्तर सुचलं नाही. म्हणलं आजी बसा, तुम्हीच दाखवा. त्या बसल्या आणि दहा मिनिटांत वशिंडासकट बैल करून दिला, शिंगं काड्यांची. तेव्हापासून मी दरवर्षी एखाद्या आजीला मुद्दाम बोलावते. हे फुकटातलं ट्रेनिंग आहे, आणि आजी असल्या की लेकरं माती खात पण नाहीत.

पहिला दिवस: कोरडं, मग ओलं

खाली जुनं पोतं नाहीतर ताडपत्री. चार-चार लेकरांचा गट आणि प्रत्येक गटाला एक परात. परातच का, तर काठ असतो आणि लेकरं चारी बाजूंनी बसतात. फक्त स्वयंपाकाची परात वेगळी ठेवा, मातीची पुन्हा कणकीला वापरायची नाही.

आधी खडी द्या. काळी, टोकदार, जड. आता हे तुमच्यासाठी, लेकरांसाठी नाही: आपल्याकडं रस्त्यावर पडलेली ही काळी खडी म्हणजे बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतनं वर आलेला लाव्हा थिजून झालेला दगड. वेरूळचं कैलास लेणं ह्याच दगडात कोरलंय, आणि हाच दगड झिजून झिजून आपली काळी माती झालीय. लेकरांना मी एवढंच सांगते की हा दगड लई वर्षांपूर्वी गुळाच्या पाकासारखा होता, गरम, वाहणारा, मग थंड झाला आणि चिक्कीसारखा टणक झाला. पाक आणि चिक्की संक्रांतीला सगळ्यांनी बघितलेली असते. एका लेकरानं खडी चाटून बघितली गोड लागते का, तेवढी तयारी ठेवा. (खडी धुवून ठेवा हे सांगायचं राहिलंच.)

मग कोरडी माती. हात बुडवू द्या, मुठीतनं सोडू द्या, घाई करू नका. तुम्ही कमी बोला. "ही कशी लागतीय?" एवढंच विचारा आणि गप बसा. भुरभुरीत, गार, टोचरी, मऊ, असे शब्द त्यांच्याकडनंच येतात. एकजण म्हणला, "ही माती पावडर लावलेल्या बाळासारखी आहे." असं मला जन्मात सुचलं नसतं.

मग पाणी. तीन करवंट्या घ्या, बुडाला भोकं असलेल्या. एकीत वाळू, एकीत मुरूम, एकीत काळी माती, नीट दाबून. प्रत्येकीत सारखंच पाणी, छोटी वाटीभर. वाळूतनं लगेच खाली येतं, मुरुमातनं थांबत थांबत, आणि काळीवर तसंच तळं साचून राहतं. लेकरं काळीच्या करवंटीखाली डोकं घालून वाट बघतात. मी मुद्दाम पाच मिनिटं काहीच करत नाही. "पाणी कुठं गेलं?" "मातीनं पिलं." झालं, ह्याच्यापेक्षा जास्त ह्या वयात सांगायचं नसतं.

त्याच्यानंतरच परातीत चिखल करायचा. पाणी तुम्ही घाला, तांब्यानं, थोडं थोडं. लेकरांच्या हातात तांब्या दिला की तळं होतं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि बोटांना अशी चिकटते की हात वर केला तर परात सोबत उचलते. मुठीतनं बोटांच्या फटींतनं चिखल बाहेर आला की जो आवाज येतो त्याच्यावर आमची लेकरं किती वेळ हसतात ते सांगून खरं वाटणार नाही.

हात न घालणारी दोन-तीन लेकरं प्रत्येक वर्गात असतात. जबरदस्ती नको, "बघ तुझा मित्र कसा खेळतोय" पण नको. दुधाची रिकामी धुतलेली पिशवी घ्या, आत चिखल भरून तोंड घट्ट बांधा आणि बाहेरनं दाबायला द्या. किंवा चमचा द्या. बहुतेक तिसऱ्या दिवशी बोट लावतात, नाही लावलं तरी काही बिघडत नाही. उलट जे लेकरू सारखी माती खातं, एकदा नाही, रोज घरी पण, त्याच्या आईला बाजूला घेऊन डॉक्टरांना दाखवायला सांगा. शरीरात लोह कमी असलं की लेकरं असं करतात, रागावून उपयोग नसतो.

उरलेला चिखल टाकून देऊ नका. टोपलीत पत्रावळ घालून त्यात भरा आणि वर गहू-ज्वारी विस्कटून पाणी शिंपडा, घटाला करतो तसंच. आयांना सांगायला लागत नाही कसं करायचं. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात. थोडा चिखल बिनाबियाण्याचा एका ताटलीत थापून उन्हात ठेवा, तो तिसऱ्या दिवशी लागणार आहे.

दुसरा दिवस: निळा गोळा

आज पृथ्वी गोल करायची. माझा हा सगळ्यात आवडता दिवस आहे आणि सगळ्यात जास्त चुका पण ह्यातच केल्यात, त्यामुळं नीट वाचा.

निळा रंग गोकर्णीच्या फुलांचा. कुंपणावर वेल असतो, नसला तर कुणाच्या तरी दारात असतोच. वीस-पंचवीस गर्द निळी फुलं दोन वाट्या कडक गरम पाण्यात टाकून दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा, पाणी शाईसारखं निळं होतं. गाळून घ्या. कपड्याची नीळ चालत नाही का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. नाही चालत, लेकरं बोटं तोंडात घालतात.

कढईत मैदा दोन वाट्या, मीठ एक वाटी, तेल दोन चमचे, आणि ते निळं पाणी दोन वाट्या, गुठळ्या मोडून घ्या आणि मग बारीक गॅसवर हलवत राहा. आधी पातळ खळीसारखं दिसतं आणि वाटतं बिघडलं, थांबा, पाच-सात मिनिटांत कडा सोडून गोळा होतो. खाली उतरवून कोमट झालं की तेलाच्या हातानं मळा. कच्च्या मैद्याचं करू नका, शिजवलेलं चांगलं टिकतं आणि चुकून तोंडात गेलं तरी कच्च्या पिठाची भीती राहत नाही. एवढ्यात बारा लेकरांना एकेक छोट्या लाडवाएवढा गोळा होतो. मोबाइलवरच्या रेसिपीत बहुतेक लिंबू नाहीतर क्रीम ऑफ टार्टर (एक आंबट पावडर) घालायला सांगतात. गोकर्णीच्या पाण्यात आंबट गेलं की निळ्याचं जांभळं होतं. मी एकदा घातलं, बारा जांभळ्या पृथ्व्या झाल्या, लेकरं खूश होती, मीच नाराज. तुम्हाला मजा दाखवायची असेल तर थोडं निळं पाणी ग्लासात बाजूला काढून त्यात लिंबू पिळा, वर्ग ओरडतो.

आता गोळे वाटा. दोन्ही तळव्यांत फिरवून लाडू वळायचा, हे लेकरांना यावं अशी अपेक्षा ठेवू नका, अंडं होतं, बटाटा होतो. पृथ्वी पण काही चेंडूसारखी अगदी गोल नाही, थोडी चपटीच आहे, त्यामुळं सगळं चालतं.

मग वाटीत कालची कोरडी माती, दुसऱ्या वाटीत मुरूम. बोट ओलं करायचं, मातीत बुडवायचं आणि निळ्या गोळ्यावर दाबायचं. दाबलं की जमीन झाली. मेथीची पानं चुरगाळून जमिनीवर चिकटवायची, वर आणि खाली चिमूटभर मीठ, तो बर्फ. सांगायचं एवढंच की निळं जास्त राहू द्या. खऱ्या पृथ्वीचा साधारण ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे, टक्के लेकरांना कळत नाहीत म्हणून दहा वाट्या मांडते, सात निळ्या पाण्याच्या, तीन मातीच्या. तरी अर्ध्या लेकरांच्या गोळ्यावर पाणी दिसतच नाही, सगळी जमीन. मराठवाड्यातली लेकरं आहेत, समुद्र बघितलाय कुणी? मी दुरुस्त करत नाही.

हे सगळं झाल्यावर फोटो दाखवते, आधी नाही. ७ डिसेंबर १९७२ ला अपोलो १७ मधनं चंद्राकडं जाताना काढलेला तो पृथ्वीचा गोल फोटो, झेरॉक्सवाल्याकडनं मोठा कलर प्रिंट काढून ठेवलाय. हातात स्वतःचा गोळा आणि समोर तो फोटो. कुणी काही बोलत नाही थोडा वेळ, मग सुरू होतं, "मॅडम हे माझ्यासारखंय." "आपलं घर कुठंय ह्यात?" त्या फोटोत आफ्रिका समोर आहे, आपण कडेला गेलोय, त्यामुळं घर दाखवता येत नाही. मी म्हणते, आपण ह्या बाजूला, दिसत नाही पण आहोत. त्यांना चालतं.

तिसरा दिवस: पाणी आणि भेगा

हा दिवस छोटा. एक बादली भरून पाणी, त्यात मीठ, बोट बुडवून चाखायचं, थू थू करायचं. बादली म्हणजे समुद्र. शेजारी एक चमचा गोडं पाणी. पृथ्वीवरचं जवळजवळ ९७ टक्के पाणी खारं आहे, आणि उरलेल्यातलं बरंचसं बर्फात अडकलंय, लेकरांना मात्र बादली आणि चमचा एवढंच पुरतं. एका मुलीनं तो चमचा दोन्ही हातांनी धरला, सांडू नये म्हणून, आणि सगळ्या वर्गात फिरवून आणला. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं ते ह्या लेकरांच्या जन्माच्या आधीचं, पण आया-आज्यांना आठवतं, त्या घरी सांगतात.

मग ती उन्हात ठेवलेली ताटली आणा. काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात. पाणी गेलं की ही माती आकसते, उन्हाळ्यात रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात ते तुम्हाला माहीतच आहे. लेकरांना गवताची काडी द्या आणि भेगेत घालून बघू द्या किती खोल जाते. आमचा एकजण पंधरा मिनिटं प्रत्येक भेगेत काडी घालून बघत होता, डबा पण विसरला. मग म्हणला, "मॅडम, हिला तहान लागली." त्यानंच पाणी शिंपडलं आणि भेगा हळूहळू मिटताना बघत बसला.

आवरायचं कसं, एका बादलीत

पाणी नाही म्हणून चिखलाचे खेळ टाळू नका, बारा लेकरांचे हात एका बादलीत होतात, पद्धत पाहिजे. आधी हात एकमेकांवर चोळून सुका चिखल परातीतच पाडायचा. मग जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसायचं. मग पहिलं घमेलं, त्यात हात बुडवून चोळायचे, मग साबण, आणि शेवटी दुसऱ्या घमेल्यातल्या स्वच्छ पाण्याऐवजी मावशी तांब्यानं बारीक धार धरतात, कारण घमेल्यात सगळे हात घातले की ते पण पहिल्यासारखंच होतं. डबा खायच्या आधी साबण म्हणजे साबण, त्यात सूट नाही.

मोरीत धुवू नका हो! काळी माती पाइपात बसते आणि सिमेंट होते. आमची नाली तुंबली तेव्हा खालपासून वरपर्यंत सगळ्या बिऱ्हाडांनी मला नावं ठेवली. पहिल्या घमेल्यातलं गढूळ पाणी तासभर तसंच ठेवा, माती खाली बसते, वरचं पाणी झाडांना, खालचा गाळ परत परातीत. साबणाचं पाणी वेगळं टाका.

निळे गोळे सावलीत पाच-सहा दिवस वाळवून घरी द्या. पावसाळी हवेत मिठामुळं ओलसर राहतात, मग पंख्याखाली ठेवा. चिठ्ठी लावा की हे खायचं नाही, आणि कंटाळा आल्यावर गायीपुढं नाहीतर कुत्र्यापुढं टाकायचं नाही, त्यात मीठ लई असतं आणि कुत्र्याला ते बाधतं. कोंब आलेली टोपली मात्र वर्गातच ठेवा, रोज एका लेकराची पाणी शिंपडायची पाळी.

आणि उरलेली काळी माती पोत्यात भरून वर ओलं गोणपाट टाकून ठेवा, पुढच्या बॅचला मऊ मिळते. वास यायला लागला तर एक दिवस ऊन दाखवा.